चरातली नववी जागा

पासष्ट सालच्या सप्टेंबरात युद्ध सुरू झाले आणि आठवड्याच्या आत आमच्या अंगणात चर खणायचे ठरले. हवाई हल्ला झाला तर घरातल्या माणसांनी त्यात उतरून बसायचे होते. पुण्यावर बॉम्ब पडला नाही, हे आता सगळ्यांना माहीत आहे. तेव्हा माहीत नव्हते. खिडक्यांच्या काचांना कागदाच्या पट्ट्या चिकटवल्या होत्या, दिव्यांभोवती काळे कागद गुंडाळले होते. वॉर्डातून एक छापील फॉर्म आला होता. ज्या घराला अंगण आहे त्याने राहणाऱ्या माणसांच्या प्रमाणात चर खणावा, असे त्यात म्हटले होते.

घर नारायण पेठेत, नदीपासून फार लांब नाही. वर दोन बिऱ्हाडे, खाली दोन. वर आम्ही तिघे: वडील कोर्टात कारकून, आई, आणि मी, एका वर्तमानपत्रात तारांचे भाषांतर करणारा नवा उपसंपादक. आमच्या शेजारी बँकेतले एक गृहस्थ, त्यांची पत्नी आणि दोन लहान मुले. खाली बांधकाम खात्यातून निवृत्त झालेले ओव्हरसियर, त्यांची पत्नी आणि दोन मुली. त्यांच्या समोरच्या दोन खोल्यांत ड्रॉइंग मास्तर. ते एकटे होते.

मास्तर एकटे राहू लागले त्याला चार वर्षे झाली होती. पानशेतचे धरण फुटले त्या सकाळी ते शाळेत होते. माझी आई आणि मास्तरांच्या पत्नी बरोबरच घराबाहेर पडल्या आणि चढावरच्या पेठेत पोहोचल्या. तिथे मास्तरांच्या पत्नी थांबल्या. रेशनचे कार्ड घरी राहिले, घेऊन येते, म्हणाल्या. रस्त्यावर पाणी तेव्हा घोट्याइतके होते. आई म्हणाली, राहू दे ते कार्ड. त्यावर, "पुन्हा काढायला गेलं की सहा महिने घालतात हो, ही आलेच," असे म्हणून त्या उतारावरून खाली गेल्या. त्या परत आल्या नाहीत. नंतर कुठे सापडल्याही नाहीत. आईने ही हकीकत मास्तरांना एकदाच सांगितली. त्यांनी ऐकून घेतली आणि काही विचारले नाही.

ओव्हरसियर त्या पुरानंतर राहायला आले होते. खालच्या भिंती नव्याने बांधल्यावर घरमालकांनी ती जागा त्यांना दिली. चराचे काम त्यांनी न सांगता अंगावर घेतले आणि कोणी ते दुसऱ्याकडे द्यावे असे सुचवले नाही. पहिले काम म्हणजे मालकांची परवानगी. मालक डेक्कन जिमखान्यावर राहत. त्यांचे पोस्टकार्ड तिसऱ्या दिवशी आले. चर खणण्यास हरकत नाही, फरशा काढताना मागे क्रमांक घालावेत, युद्ध संपल्यावर त्या मूळ क्रमाने बसवून द्याव्यात. ओव्हरसियरांनी फरशांच्या मागे खरोखरच क्रमांक घातले.

दुसरे काम माणसे मोजायचे. रविवारी सकाळी ते पायरीवर फॉर्म, टेप आणि पेन्सिल घेऊन बसले आणि प्रत्येक बिऱ्हाडाला रेशनकार्ड आणायला सांगितले. माणशी दोन फूट जागा धरायची होती. बँकेतल्यांची चार, आमची तीन, त्यांची स्वतःची चार. मास्तरांनी आपले कार्ड पुढे केले. ओव्हरसियरांनी ते उघडून पाहिले आणि चष्मा वर सरकवला.

"मास्तर, यावर दोन माणसं आहेत."

"हो."

"साखर दोघांची उचलता?"

"एकाची. दुकानदार तशी खूण करतो. मागे बघा."

ओव्हरसियरांनी मागे पाहिले. तसेच होते.

"मग दोन कशाला?"

"कार्डावर आहेत म्हणून," मास्तर म्हणाले.

आई वरच्या गॅलरीत उभी होती. "अहो ओव्हरसियर, माहीत असताना कशाला विचारता?"

"वहिनी, मला माहीत पुष्कळ असतं. ते लिहायला फॉर्मात रकाना नाही."

यावर वडिलांनी कायदा सांगितला. ते असे क्वचितच मध्ये पडत. माणूस बेपत्ता झाला आणि सापडला नाही, तर सात वर्षे त्याला मेलेला धरता येत नाही. चार झाली आहेत. तेव्हा कार्डात चूक काही नाही.

"मी चूक कुठे म्हटलं? कार्डावर दोन तर फॉर्मात दोन," ओव्हरसियर म्हणाले आणि त्यांनी आकडा लिहिला. एकूण तेरा माणसे, सव्वीस फूट. बारा माणसे राहत असलेल्या घराचा चर तेरा माणसांचा ठरला. मास्तर कार्ड घेऊन आत गेले. माझ्या समजुतीप्रमाणे त्यांना त्या वेळी बरे वाटले असावे. चार वर्षांत त्यांच्या पत्नीला कोणी मोजले नव्हते.

मग आईने विचारले, "आणि बाई?"

बाई म्हणजे चारही बिऱ्हाडांची भांडी घासणाऱ्या. नदीपलीकडच्या वस्तीतून येत. सकाळी नऊ ते अकरा त्या अंगणातल्या नळाशी असत. त्या वेळीही होत्या.

"त्यांचं कार्ड त्यांच्या वस्तीत," ओव्हरसियर म्हणाले. "त्यांचा चर तिकडे धरलेला असणार."

"आमच्याकडं कुठं खणनार सायेब?" बाई हात न थांबवता म्हणाल्या. "हातभर खाली गेलं की नदीच हाय."

"मग वॉर्डात अर्ज करायचा."

"बॉम्ब पडायच्या आत उत्तर येईल ना त्याचं?" आई म्हणाली.

ओव्हरसियरांनी फॉर्मवर सही करून त्याची घडी घातली.

खणायला दोन मजूर लावले आणि आम्ही पुरुष आळीपाळीने हाताशी राहिलो. फरशीखाली हातभर जाडीचा पुराचा गाळ निघाला. तो बारीक, राखेच्या रंगाचा होता आणि कुदळीखाली वडीसारखा तुकडे होऊन यायचा. त्याच्या खाली मुरूम. गाळात वस्तू सापडू लागल्या. एक पितळी पळी, पाटीची लाकडी चौकट, औषधाची बाटली, कंगव्याचा अर्धा तुकडा, कुलूप. या वस्तू कुठल्या घरातून वाहत आल्या होत्या ते सांगता येणे शक्य नव्हते. मजुरांनी त्या भिंतीलगत ओळीने मांडून ठेवल्या. संध्याकाळी मास्तर शाळेतून आले की त्या ओळीपुढे बसत, प्रत्येक वस्तू उचलून पाहत आणि खाली ठेवत. काम चालले ते चारही दिवस त्यांनी असे केले. जाताना म्हणत, "आमचं नाही यात काही." मजुरांनाही ते सांगत, आणि मजूर मान हलवत.

चर काटकोनात वळवला होता, म्हणजे एका बाजूला स्फोट झाला तर दुसऱ्या बाजूची माणसे वाचतील. खोली साडेचार फूट. नळाच्या बाजूला पायऱ्या. आतल्या भिंतीवर ओव्हरसियरांनी चुन्याने दोन-दोन फुटांवर रेघा मारल्या आणि क्रमांक घातले. मुले लहान म्हणून बँकेतल्यांचे कुटुंब पायऱ्यांजवळ, एक ते चार. आम्ही पाच ते सात. सात माझा. वळणानंतर आठ आणि नऊ मास्तरांचे, शेवटी दहा ते तेरा ओव्हरसियरांचे. नऊचा आकडा इतरांइतकाच ठळक काढला होता. ओव्हरसियर कामात कमीजास्त करत नसत.

त्या महिन्यात पाऊस होता. पहिल्याच रात्रीत चरात घोटाभर पाणी साठले, आणि पाऊस नसला तरी बाजूच्या मुरुमातून झिरपत राहिले. ते रोज उपसावे लागे. हे काम बाईंकडे गेले. कसे गेले ते आता आठवत नाही. कोणी ठरवून सांगितले नव्हते. त्या सकाळी आल्या की आधी डबा घेऊन चरात उतरत, पाणी उपसत, तळाला विटा नीट लावत आणि मग भांड्यांना बसत. दहा-बारा दिवस त्यांनी तो चर कोरडा ठेवला. त्यात त्यांना जागा नव्हती, ही गोष्ट घरात सगळ्यांना माहीत होती आणि रविवारनंतर कोणी तिचा उल्लेख केला नाही. मीही केला नाही.

मास्तर नऊ क्रमांकाच्या विटांवर रोज एक कोरडा गोणपाट टाकत. स्वतःच्या आठवर टाकत नसत. बाई पाणी उपसताना तो गोणपाट उचलून वर ठेवत आणि नंतर पुन्हा होता तसा पसरत. एकदा मी गॅलरीतून पाहत होतो. तो ओला झाला होता म्हणून त्यांनी पिळला, दोरीवर टाकला, आणि मास्तरांना हाक मारून सांगितले, "मास्तर, बाईसायबांचं वाळत घातलंय बरं का." मास्तर आतून म्हणाले, "बरं."

भोंग्याचा सराव शनिवारी दहा वाजता व्हायचा. कमीजास्त होणारा आवाज म्हणजे धोका, सरळ लांब आवाज म्हणजे धोका टळला. पहिल्या शनिवारी बाई कुठल्यातरी सणावारामुळे लवकर निघून गेल्या होत्या, आणि आम्ही सगळे क्रमांकाप्रमाणे बसून पाच मिनिटांनी वर आलो. बँकेतल्यांच्या मुलांना पुन्हा उतरायचे होते. ओव्हरसियरांनी घड्याळ पाहून, दोन मिनिटे वीस सेकंद लागली, पुढच्या वेळी दोन झाली पाहिजेत, असे सांगितले.

पुढच्या गुरुवारी सकाळी सव्वानऊला भोंगा वाजला. शनिवार नव्हता, दहा वाजले नव्हते. आवाज कमीजास्त होत होता.

मी रात्रपाळी करून झोपलो होतो. त्या आठवड्यात तारांमधून दररोज विमानतळांवरच्या हल्ल्यांच्या बातम्या येत होत्या, आणि लोहगावला विमानतळ आहे हे पुण्यात कोणाला सांगावे लागत नव्हते. जिन्यावरून उतरताना आईने माझ्या दंडाला धरले होते. बँकेतल्यांच्या पत्नीने धाकट्याला काखेत मारले होते आणि स्टोव्ह विझवला का, असे ती पुन्हापुन्हा नवऱ्याला विचारत होती. ते म्हणत होते, विझवला, विझवला. दोन मिनिटांच्या आत आम्ही सगळे खाली होतो. चरात त्या दिवसाचे पाणी अर्धेच उपसले गेले होते. पाय ओले झाले.

बाई वर नळाशी उभ्या होत्या. हाताला राख होती. पाणी उपसण्याचा डबा पायाशी होता.

"बाई, मोरीत जाऊन बसा," ओव्हरसियर खालून म्हणाले. "तिथे भिंत आहे."

"मोरीवर पत्रा हाय, सायेब. विमान घाबरंल का त्याला?"

हे त्या हसून म्हणाल्या, पण आवाज नेहमीचा नव्हता. भोंगा चालूच होता. मी सात क्रमांकावर होतो आणि वळणापलीकडे मास्तर मला दिसत होते. ते नऊच्या बाजूला हात टेकून बसले होते, कोणी गर्दीत जागा धरून ठेवतो तसे. त्यांनी वर बाईंकडे पाहिले.

"बाई, खाली या. नऊ नंबर मोकळा आहे."

"नको मास्तर."

"या म्हणतो ना."

"त्या जागंवर नको. मी आपली हितंच बसते भिंतीला." आणि त्या खरोखर भिंतीला टेकून खाली बसल्या. "तुमचं माणूस यायचंय त्या जागंवर."

ओव्हरसियरांच्या धाकट्या मुलीने बापाकडे पाहिले. भोंगा खाली येऊन पुन्हा चढू लागला. बाईंनी ते वाक्य टोमणा म्हणून म्हटले नव्हते. चार वर्षे ज्या गोष्टीवर मास्तर उभे होते तीच त्यांनी खरी मानली होती, आणि ती खरी असेपर्यंत त्यांना खाली येता येत नव्हते. मास्तरांच्या हे लक्षात आले असावे. त्यांनी नऊवरचा हात उचलला.

"ती यायची नाही," ते म्हणाले. मग जरा मोठ्याने, कारण भोंग्यात ते ऐकू गेले नसेल असे त्यांना वाटले, "बाई, ती गेली. ती यायची नाही आता. तुम्ही या."

बाई उठल्या. पायऱ्यांवरून उतरून त्या आम्हा सगळ्यांच्या गुडघ्यांपुढून वाकून आत आल्या. हाताची राख कोणाला लागू नये म्हणून त्यांनी हात वर धरले होते. आईने पाय आत ओढले. मास्तरांनी गोणपाट झटकला, त्या बसल्या. दोन फुटांत नीट बसता येत होते.

विमान आले नाही. आम्ही आकाशाची पट्टी पाहत राहिलो. काही वेळाने मास्तर बोलू लागले, कोणाकडे न पाहता. भोंगा तेव्हा थांबला होता, म्हणून सगळ्यांना ऐकू आले.

"त्या दिवशी कार्ड माझ्या पिशवीत होतं. शाळेतून येताना साखर आणायची म्हणून सकाळी मीच उचललं. तिला सांगायचं राहिलं."

त्या सकाळी आई उतारावर उभी होती आणि तिने मास्तरांच्या पत्नींना जाताना पाहिले होते. चार वर्षे तिला वाटत होते की कार्ड घरात होते आणि कार्डासकट त्या गेल्या. मास्तरांकडे पुरानंतरचे नवे कार्ड होते, सगळ्यांकडेच नवे होते. त्यांचे मात्र जुन्या, कोरड्या कार्डावरून उतरवलेले होते. ते कोणी पाहिले नव्हते.

"दोन नावं होती. रेशनच्या ऑफिसात त्यांनी नव्यावर दोन लिहिली. मी एक खोडा म्हटलं नाही," मास्तर म्हणाले.

ओव्हरसियरांनी घड्याळ खिशात टाकले. बाईंनी हात अजून वरच धरले होते. त्या म्हणाल्या, "असू द्या मास्तर," आणि थोड्या वेळाने पुन्हा, "असू द्या."

सरळ भोंगा वाजायला चाळीस मिनिटे लागली. संध्याकाळी ऑफिसात गेल्यावर कळले की भोंग्याची दुरुस्ती चालू होती आणि तो चुकून वाजला होता. दुसऱ्या दिवशीच्या अंकात त्याची चार ओळींची बातमी होती. ती मीच लिहिली.

शुक्रवारी मास्तर ओव्हरसियरांकडे गेले आणि नाव कमी करायचा अर्ज कसा लिहायचा ते विचारले. अर्ज ओव्हरसियरांनी लिहून दिला आणि दोघे बरोबर रेशनच्या ऑफिसात गेले. तिथल्या कारकुनाने मृत्यूचा दाखला मागितला. तो नव्हता. मग नाव कमी होणार नाही, सात वर्षे पुरी झाल्यावर या, असे तो म्हणाला. ओव्हरसियरांनी त्याच्याशी अर्धा तास वाद घातला. घरी आल्यावर ते वडिलांना सांगत होते, "नवरा समोर उभा राहून सांगतोय की बायको गेली, आणि हा म्हणतो कागद आणा." वडील म्हणाले, "बरोबर आहे त्याचं." ओव्हरसियर म्हणाले, "बरोबर आहे ते मला कळतंय हो," आणि घरात निघून गेले.

त्याच महिन्यात युद्ध थांबले. चर बुजवला, फरशा क्रमाने बसवल्या. भिंतीलगतच्या वस्तू कोणी न्यायला आले नाही. पळी बाईंनी घासून मास्तरांच्या ओट्यावर ठेवली. ती त्यांची नव्हती, पण मास्तरांनी ती राहू दिली.

एकाहत्तरच्या डिसेंबरात पुन्हा फॉर्म आला. ओव्हरसियर आता काठी घेऊन चालत, पण रविवारी सकाळी पायरीवर तेच बसले. मास्तरांच्या कार्डावर तीन वर्षांपासून एकच नाव होते. ओव्हरसियरांनी ते पाहिले, आकडा लिहिला, सगळ्यांची बेरीज केली. मग शेवटच्या, शेरा लिहायच्या रकान्यात ते बराच वेळ लिहीत राहिले. मास्तर वाकून वाचत होते. मीही मागून वाचले. "अधिक एक. भांडी घासणाऱ्या बाई, सकाळी नऊ ते अकरा."

"कार्ड कुठंय त्यांचं?" मास्तरांनी विचारले.

"तुम्ही गप्प बसा," ओव्हरसियर म्हणाले.

बाई नळाशी होत्या. त्यांचे केस पांढरे झाले होते. मास्तर म्हणाले, नऊ नंबर वळणापलीकडे पडतो, सगळ्यांचे गुडघे ओलांडून जावे लागते, नळापासून त्यांना पायऱ्या जवळ आहेत. ओव्हरसियरांनी टेप उघडला, चराच्या पायऱ्या येणार होत्या तिथून दोन फूट मोजले आणि फरशीवर चुन्याने एकचा आकडा काढला.